निवासी, पण सर्वसाधारण नाही

खान्देशातून परदेशी जायला कारण लागत नाही. पोरगा पुण्यात इंजिनिअर झाला, हिंजवडीत तीन-चार वर्षं राबला आणि कंपनीनं त्याला मेलबर्नला धाडलं, की गल्ली एका वाक्यात त्याला निरोप देते. पुढे लग्नाकार्यात त्याच्या पगाराची चौकशी होते, सांगितलेल्या डॉलरांना पन्नासनं गुणलं जातं, आलेल्या आकड्यावर कुणीतरी "पण तिथं घरभाडं बी तेवढंच असंल ना" म्हणतं आणि विषय संपतो. कारण द्यावं लागतं ते परत येणाऱ्याला.

जळगावच्या एका संगणकवाल्यानं असं कारण तयार ठेवलं नव्हतं. बारा-तेरा वर्षं मेलबर्नला काढून २०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो बायको आणि दोन पोरांसह घरी परतला. बायकोचं माहेर धुळ्याचं, त्यामुळे चौकशी दोन जिल्ह्यांत एकाच वेळी सुरू झाली. खरं कारण साधं होतं. वडिलांचं वय झालं होतं, आणि "अजून दोन वर्षं, मग जाऊ" असं एकमेकांना सांगून नवरा-बायको दोघंही कंटाळले होते. पण हे ऐकून समाधान होईल असा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडला नाही.

गल्लीनं ठरवलं, नोकरी गेली. फुईला, म्हणजे आत्याला, सुनेचा संशय होता. काकांच्या, म्हणजे नानांच्या, मते तो शेताच्या वाटणीवर डोळा ठेवून आला होता, आणि वाटणीत दुसरा हिस्सा खुद्द नानांचाच असल्यामुळे त्यांना रात्री झोप लागेना. धुळ्याला सासरे, म्हणजे जिभाऊ, यांचा अंदाज सर्वांत उमदा निघाला. जावईबापू महापालिकेची निवडणूक लढवणार, असं त्यांनी पानटपरीवर जाहीरही करून टाकलं.

ते शक्य नव्हतं. त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं होतं, आणि ते घेतलं की भारताचं जातं. मग हातात येतं ते ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. या कार्डावर आयुष्यभर इथं राहता येतं, नोकरी-धंदा करता येतो, घर किंवा दुकान घेता येतं. निवडणूक लढवणं सोडाच, मतही देता येत नाही. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे आणि मत न देणाऱ्याला वीस डॉलर दंडाची नोटीस घरी येते. म्हणजे तिथं घरी बसला असता तर दंड, आणि इथं घराबाहेर पडला तरी उपयोग नाही. गल्लीतले पुढारी मात्र त्याच्या घरी नेमानं येतात. मत नाही हे त्यांना माहीत आहे. देणगी तरी असेल, असा त्यांचा हिशेब.

ओसीआयवाल्याला आणखी एक गोष्ट जमत नाही: शेतजमीन विकत घेणं. वारशानं मात्र मिळू शकते. सीएनं हे समजावून सांगितलं तेव्हा वडील शेजारीच बसले होते. "म्हणजे मी जायची वाट पाहा, असं म्हणतं का सरकार?" त्यांनी विचारलं. सीएनं पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

त्याच सीएनं मग प्राप्तिकराचा नियम काढला. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं जो अनिवासी होता, तो परतल्यावर काही काळ कायद्याच्या लेखी 'निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही' असतो, आणि तेवढ्या काळात त्याच्या परदेशातल्या बहुतेक उत्पन्नावर इथं कर लागत नाही. परतलेल्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन एखाद्या कादंबरीकाराला साधलं असतं तर त्याला पुरस्कार मिळाला असता; प्राप्तिकर खात्यानं ते कुणी न मागता करून ठेवलंय. बायकोनं ऐकलं आणि सांगितलं, की घरात हा दर्जा त्याला लग्नापासूनच आहे.

आधार कार्डाची तऱ्हा निराळी. ओसीआयवाल्याला ते हवं असेल तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. तोवर सिमकार्डवाला, गॅसवाला, शाळेतला कारकून, सगळे आधार मागतात. देशात राहिल्याशिवाय आधार नाही आणि आधाराशिवाय देशात राहणं अवघड, अशा पेचात त्यानं पहिलं अर्धं वर्ष वडिलांच्या नावावरच्या सिमवर काढलं. त्याला आलेले ओटीपी वडील मोठ्यांदा वाचून दाखवत. गल्लीला पाठ झाले.

आता केळी. जळगावचा माणूस केळीबद्दल गंभीर असतो, आणि ऑस्ट्रेलियात केळीनंच त्याला पहिला धक्का दिला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये यासी नावाचं चक्रीवादळ क्वीन्सलँडवर आलं आणि देशातल्या केळीबागांचा मोठा भाग झोपला. रोगांच्या धास्तीमुळे बाहेरची ताजी केळी तिथल्या बाजारात येत नाहीत. भाव बारा-चौदा डॉलर किलोपर्यंत चढला. ज्याच्या बापाच्या शेतात घड पिकून कावळे खात, तो पोरगा सुपरमार्केटात दोन केळी वजन करून घेत होता. त्यानं फोनवर सांगितलं, "आबा, इथं केळीला सहाशे रुपये भाव आहे." पलीकडे आबा खूश. "बरा आहे की. इथं व्यापारी तेवढा बी देत नाही." आबांनी तो क्विंटलचा धरला होता.

परदेशातून येऊन जळगावात सर्वांत यशस्वीपणे स्थिरावलेला कोण, याचं उत्तरही केळीतच आहे: ग्रँड नैन. नव्वदच्या दशकात जैन इरिगेशननं या वाणाची टिश्यू कल्चरची रोपं आणली. ठिबकवर ती अशी रमली, की बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी ही जुनी मंडळी मागे पडत गेली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. बाहेरून आलेल्या रोपाचं केळ कायद्यानं 'जळगावचं' ठरलं. इथंच जन्मलेल्या माणसाच्या कार्डावर मात्र 'ओव्हरसीज' छापलेलं. तो हे बोलून दाखवतो तेव्हा आबा म्हणतात, "त्यानं अकरा-बारा महिन्यांत घड दिला. तुझं काय?"

रस्त्यावर वाहन चालवणं सोपं जाईल, असं त्याला वाटलं होतं. दोन्ही देशांत गाडी डावीकडूनच चालवतात. चौफुलीच्या गोलाला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही दोन्हीकडे तेच. या भरवशावर तो अजिंठा चौफुलीला थांबला आणि उजवीकडून येणारा संपायची वाट पाहू लागला. उजवीकडून येणारा संपत नसतो. एसटी, केळीचे ट्रक, छत्रपती संभाजीनगरकडून लेणी पाहून आलेल्या टॅक्स्या, त्यातून वाट काढणारा एक बकरीवाला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला नाही, उतरून काचेशी आला आणि मायेनं विचारलं, "पेट्रोल संपलं का भाऊ?"

उन्हाळ्याबद्दल तो जरा फुशारकी मारायचा. जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नला लागोपाठ चार दिवस पारा ४१ च्या वर होता. ऑस्ट्रेलियन ओपनचे सामने थांबवावे लागले. ही गोष्ट त्यानं मे महिन्यात, एका वरातीत सांगितली. पारा ४४, नवरदेव थ्री-पीस सुटात घोड्यावर, त्याच्यापुढे बँडवाले लोकरीच्या कोटात, आणि त्यांच्यापुढे फुई नाचत होती. "मग खेळाडूंनी काय केलं?" नानांनी विचारलं. "आत जाऊन बसले." नाना काही बोलले नाहीत, त्यांनी त्याला नुसतं नाचायला पुढे ढकललं.

पोरांचं बस्तान सर्वांत लवकर बसलं. त्याला निमित्त मात्र फार वाईट घडलं. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादचा विश्वचषकाचा अंतिम सामना. दिवाळी आठवडाभरापूर्वी झालेली. गल्लीनं फटाक्यांची एक लांबलचक माळ विजयासाठी राखून ठेवली होती. भारत २४० वर बाद झाला तेव्हा ती पुन्हा पिशवीत गेली, ऑस्ट्रेलियाची ३ बाद ४७ अशी अवस्था झाली तेव्हा बाहेर आली. मग ट्रॅव्हिस हेड उभा राहिला. धाकटा पोरगा, जन्म मेलबर्नचा, पिवळी जर्सी घालून सगळ्यांत पुढे बसला होता. हेडचं शतक झालं आणि पंचवीस-तीस माणसांच्या त्या शांततेत एकच पोरगं उठून टाळ्या वाजवू लागलं. हेडनं १३७ काढले. ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकली. नाना उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "याला तरी तिथंच ठेवून यायचं ना भो."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्या पोराचं नाव 'हेड' पडलं. त्याचा फायदा असा झाला, की त्याला खेळायला बोलावणं येऊ लागलं. हेडला पहिल्याच चेंडूवर बाद करण्यात प्रत्येकाला रस होता. वर्षभरात तो आजीशी गल्लीतलं बोलू लागला, धुळ्याला मामाच्या पोरांशी अहिराणी आणि आईबापाशी ऑस्ट्रेलियन वळणाचं इंग्रजी. राहिली ती पुस्तकातली मराठी. शाळेतल्या बाईंनी तक्रार केली, तर आजीनं त्यांनाच विचारलं, "आसोद्याच्या बहिणाबाईला तरी कुठं येत होती?" प्रश्न बिनतोड होता. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची कविता घरच्या बोलीत आहे, आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचंच नाव आहे. बाईंनी पोराला पाचपैकी तीन दिले.

बायकोचा जम धुळ्यामुळे बसला. ऑस्ट्रेलियात आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे शरद ऋतूतला एक कामाचा दिवस आणि माहेरहून आलेला झोक्याचा व्हिडिओ. आता माहेर नव्वदेक किलोमीटरवर. अर्थात महामार्गाच्या तरसोद ते फागणे या टप्प्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडल्यामुळे हे किलोमीटर कधीकधी बरेच लांब व्हायचे. रेल्वेनं जावं तर चाळीसगावला गाडी बदला, आणि तिथून फाट्यावरची गाडी धुळ्याला येऊन संपते. साखरपुड्यातच जिभाऊंनी जावयाला सांगितलं होतं, "मनमाड–इंदूर लाइन झाली म्हणजे धुळं कुठच्या कुठं जाईल." तो परत आला तेव्हाही धुळं जागेवरच होतं. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. जिभाऊंनी पेढे वाटले आणि हेडला जवळ घेऊन सांगितलं, की तुझी वरात याच गाडीनं न्यायची. हेड तेव्हा दुसरीत होता. जिभाऊंचा अंदाज या खेपेला व्यवहारी वाटला.

एवढं होऊनही तो परत का आला, हा मूळ प्रश्न मिटला नव्हता. तो मिटवला भरतानं.

हिवाळ्यात जळगावकडे भरीत पार्ट्या होतात. बामणोदची मोठी, पांढुरकी-हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. अशाच एका पार्टीत, शेतात, धुरानं डोळे चोळत त्यानं मेलबर्नचा किस्सा सांगितला. तिथं फ्लॅटमध्ये एकदा त्यानं गॅसवर वांगं भाजायला ठेवलं. व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे. मोठ्या इमारतींतली अलार्म यंत्रणा अनेकदा थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असते. वांगं फुटेपर्यंत खाली बंब उभा. आठ मजल्यांची माणसं घरच्या कपड्यांत रस्त्यावर, आणि शिरस्त्राण घातलेला एक जवान चिमट्यात वांगं धरून विचारतोय, हे काय आहे. वर विनाकारण बंब बोलावल्याचं शुल्क भरावं लागलं ते वेगळं.

किस्सा ऐकून शेत हसलं, पण नानांचा चेहरा उजळला. चार दिवसांत गल्लीत अधिकृत खुलासा झाला: वांगं भाजल्यावरून तिथल्या सरकारशी वाजलं, म्हणून परत आला. वाटणीचा विषयच नव्हता, हे कळून नाना रात्री झोपू लागले. पारोळ्यापर्यंत पोचता पोचता एक मजला जळाला होता. धुळ्यात इमारत गेली. शिरपूरच्या एका लग्नात त्याला स्वतःलाच कळलं, की ऑस्ट्रेलियानं त्याला चोवीस तासांत देश सोडायला लावला. पहिल्या आठवड्यात त्यानं खुलासे केले. मग त्याच्या लक्षात आलं, की या कारणावर सगळ्यांचं समाधान आहे आणि वर लोक मान देतात. भरतापायी देश सोडलेला माणूस काही रोज भेटत नाही.

त्याच लग्नात पंगतीला शेजारी जिभाऊंचे एक वकील मित्र बसले होते. त्यांनी शेवभाजीत पुरी बुडवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "जावईबापू, केस लढायची का? दिल्लीला आपला माणूस आहे."

"कशाची केस?"

"वांग्याची. आपलं वांगं, आपली पद्धत. त्याला जीआय आहे. कुठलं होतं, बामणोदचं?"

"नाही हो. तिथलंच, सुपरमार्केटचं. छोटं, जांभळं."

वकील बराच वेळ पुरी चावत राहिले. "मग," ते म्हणाले, "केस कमजोर आहे."