शेठ, 520 रुपये वाचवलेत तुम्ही!

सुरतच्या उधन्यातल्या लूमच्या शेठना,

माझा चुलतभाऊ भुसावळ पॅसेंजरने शिंदखेड्याला आला आहे. तुमच्याकडे बारा तासांची पाळी करणारा. त्याने ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, विचारलं तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, “आयुष्मान कार्ड आहे ना तुझ्याकडे? पाच लाखांचं! मग पगार कशाला कापून घेतोस?” परमुलखात पोट भरायला गेलेला माणूस शेठच्या शब्दावर विसंबतो. त्याचाच तुम्ही फायदा घेतलात.

कार्ड खोटं नाही. आमचा धुळे जिल्हा तर 2012 साली राज्याच्या जीवनदायी योजनेच्या पहिल्याच टप्प्यात होता; अशा योजनांनी आमच्याकडची कितीतरी माणसं वाचवली आहेत. पण कार्ड चालतं ते दवाखान्यात दाखल होण्याजोग्या आजाराला. त्याला आहे शुगर. त्याला लागते दर महिन्याची तपासणी आणि रोजची गोळी. ती ओपीडीची कामं, कार्डात बसत नाहीत. परवा इथल्या मेडिकलवर त्याने अर्धीच पट्टी मागितली. गोळ्या एक दिवसाआड घेतो म्हणाला. वर मलाच विचारतो, “कार्ड शे ना मनाजोडे, मंग पैसा काबर?” काय सांगू त्याला? तळपायाला जखम झाली आहे, भरत नाही. उद्या पाय कापायची वेळ आली तर कार्ड चालेल. पाय वाचवणाऱ्या गोळीला ते चालत नाही.

ईएसआयमध्ये दाखल होणं की रोजची गोळी, अशी निवड करावीच लागत नाही. ओपीडी, रक्ततपासणी, औषधं, दाखल होणं, सगळं एकाच नोंदणीवर, बायको-मुलांनाही. शिवाय आजारपणाच्या रजेत नियमात बसलं तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी. सोळा हजार पगारावर त्याचे कापले जातात 120 रुपये, तुम्हाला भरावे लागतात 520. पगार कापण्याची काळजी तुम्हाला त्याच्या 120 साठी नव्हती, शेठ. तुमचे 520 वाचवायचे होते.

हिशेबात तुम्ही पक्के. दहा माणसं झाली की कारखान्याला ईएसआय लागू होतं, म्हणून एका छताखालच्या लूमना तुम्ही दोन पाट्या लावल्यात, एक तुमच्या नावाची, एक मेहुण्याच्या. दोन्हीकडे कागदावर नऊ-नऊ माणसं. माझा भाऊ दोन्हींत नाही. तुमच्या लूमवर त्याच्या कानाला दडे बसले, छातीत कापसाची धूळ गेली, आणि हजेरीपटावर तो माणूसच नाही!

जखम भरली की तो परत येईल. आल्यावर पहिल्या पगाराला त्याचं नाव पटावर चढवा आणि ईएसआयचा नंबर त्याच्या हातात द्या. नाही दिलात तर ईएसआयच्या सुरत कार्यालयात अर्ज मी देणार आहे. त्यात दोन्ही पाट्यांखालची माणसं एकत्र मोजलेली असतील.

तुमच्या कामगाराचा भाऊ,
शिंदखेडा