मोठेबाबा

आमच्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठेबाबा. कामरगावात त्यांचा कामधंदा काय, असं कोणी विचारलं की मोठीआई सांगायची, "लोकायचे लग्नं."

शेत होतं. कापूस, तूर, सोयाबीन सगळं व्हायचं. पण त्याकडे मोठीआई आणि सालदार पाहत. मोठेबाबा पाहत ते पंगतीकडे. कारंजा तालुक्यात कुठंही मांडव पडला की आदल्या दिवशी ते हजर. पत्रिका आली नसली तर उत्तर तयार असे, "पत्रिका परक्याले देतेत बे."

मांडवात त्यांचं खरं खातं रुसव्याफुगव्याचं. 'आमाले हलका टॉवेल देला' म्हणून वरपक्षातला कोणी फुगून बसला की मोठेबाबा शेजारी जाऊन त्याच्याहून जास्त फुगत. "तुले हलका तरी भेटला. मले तर टॉवेलच नाई. चाल, दोघंई यष्टीनं वापस जाऊ." मग दोघं खरोखर फाट्याकडे निघत आणि वाटेत शकुंतलेची गोष्ट सुरू होई.

शकुंतला म्हणजे मुर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. मोठेबाबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची वरात कारंज्याहून याच गाडीनं दारव्ह्याला निघाली होती. गोष्ट दरवर्षी लांबत गेली. सुरुवातीला गाडीला नुसता उशीर व्हायचा. पुढं नवरदेव मधेच बोरं वेचायला उतरू लागला आणि चालत जाऊन पुढच्या डब्यात चढू लागला. शेवटी शेवटी तर मुहूर्त टळल्यामुळे सासरा मुलगी दुसऱ्याला द्यायला निघे. "मंग?" ऐकणारा रुसवा विसरून विचारी. "मंग काय? तो दुसराबी त्याच गाडीत व्हता!" फाटा येण्याआधीच दोघं मांडवाकडे वळलेले असत. मोठीआईच्या माहेरी रेल्वे जातच नाही, ही गोष्ट तिनं जन्मभर चारचौघांत काढली नाही.

बांधाचे तंटेही त्यांच्याकडे येत. कायदा त्यांना काडीचा कळत नसे, पण इतिहास पक्का. वाशीम जिल्हा इंग्रजांनी १९०५ मध्ये मोडला आणि तो परत झाला १९९८ मध्ये. एवढ्या भांडवलावर ते तंटेखोरांना बसवून घेत. "सरकारले अख्खा जिल्हा हरपला त सापडाले त्र्याण्णव वर्षं लागले. तुहा बांध त परवा सरकला. दम धर न लेका." तंटा मिटेच असं नाही, पण वकिलाकडे जाणं दोन दिवस पुढं ढकललं जाई आणि तेवढ्यात एखाद्याचा राग उतरे.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्या म्हणायला तेच पुढं. गावातल्या बड्या मंडळींची फिरकी घेण्याची ती वर्षातली हक्काची जागा. मोठेबाबा पहिली झडती स्वतःवर रचत: आपल्या तणावर, आपल्या उधारीवर, मोठीआईच्या धाकावर. स्वतःची अब्रू अशी आधीच चव्हाट्यावर मांडली की मग सरपंचालाही रागवायला तोंड उरत नसे.

घरात मात्र त्यांना किंमत नव्हती. आमचे वडील मास्तर, शिस्तीचे. "दादा, वय काय, वागता काय," असं ते म्हणत. "वय तू सांभाळ, वागणं मी पाह्यतो," अशी त्यावर वाटणी होई.

गेले तेही लग्नसराई आटोपल्यावर. मोठीआई डोळे पुसत म्हणाली, "तारखा पाहूनच गेले."

तेरवीला लोक चेहरे पाडून आले. पंगतीत कोणीतरी शकुंतलेचं नाव काढलं. दुसरा म्हणाला, तशी नाही, गाडी शेलूला थांबली होती. तिसऱ्याच्या हिशेबात नवरदेव बोरं नव्हे, हरभरा उपटायला उतरला होता. वाद वाढला, हसू वाढलं, वाढपी वाढणं विसरले. आणि मग जो तो सांगू लागला की आपल्याला ती कधी ऐकवली: साल्याच्या लग्नात पाटावरून उठलो तेव्हा, भावाशी बोलणं बंद होतं तेव्हा, धोतर आखूड आलं म्हणून जेवलो नाही तेव्हा. ज्या फजितीसाठी एकेकाळी मांडव सोडला, तीच आता चारचौघांत मिटक्या मारत सांगत होते. माणसाला स्वतःला हसायला शिकवायचं, ही मोठेबाबांची खरी शेती. पीक त्या दिवशी दिसलं.

पुढच्या लग्नसराईत आमच्याच घरी मांडव होता. वरपक्षाचे एक आतोबा टॉवेलावरून फुगले. सगळ्यांनी सवयीनं आजूबाजूला पाहिलं. कोणी उठेना. शेवटी वडील उठले. जन्मात विनोद न केलेला माणूस आतोबांशेजारी बसला, घसा साफ केला आणि वर्गात धडा वाचावा तशा आवाजात म्हणाला, "मला तर टॉवेलच मिळाला नाही."

आतोबांनी निरखून पाहिलं. "गुरुजी, तुमच्या खांद्यावर हाय न तो!"

आधी आतोबा हसले, मग मांडव, आणि सगळ्यात शेवटी, नेमकं काय झालं ते कळल्यावर, वडील.