सामान उचलण्यापुरती गुणवत्ता

दक्षिण आफ्रिकेचा सामना असला की आमच्या सोसायटीच्या बाकावरचे काका हमखास हळहळतात. "खेळात कोटा आणला आणि चांगल्या टीमची माती केली. अहो, पूर्वी कशी निव्वळ गुणवत्ता असायची!"

काकांचं 'पूर्वी' म्हणजे १८८९ ते १९७०. या काळात दक्षिण आफ्रिका १७२ कसोटी खेळली. समोर फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंड. भारत आणि वेस्ट इंडिज बहुधा त्यांच्या नकाशात नसावेत. चार्ली लेवेलिन या खेळाडूच्या वंशाबद्दलची कुजबुज सोडली, तर काळे बहुसंख्य असलेल्या देशात दरवेळी अकराच्या अकरा गोरेच गुणवान निघायचे. इतका चोख कोटा पुढे कुठल्याच मंत्र्याला राबवता आला नाही. फक्त त्याला कोटा म्हणत नसत, निवड समितीचा निर्णय म्हणत.

एकदा मात्र पंचाईत झाली. १८९४ साली संघ पहिल्यांदा इंग्लंडला निघाला. केपटाउनच्या मलाय समाजात क्रोम हेंड्रिक्स नावाचा वेगवान गोलंदाज होता. त्याला खेळून गेलेल्या इंग्रजांनीच सांगितलं होतं, याला आणा. यावर एका गोऱ्या खेळाडूने तोडगा काढला: येऊ दे, पण सामान सांभाळणारा नोकर म्हणून. हेंड्रिक्सने ही हमाली नाकारली, आणि संघ त्याच्याशिवाय बोटीवर चढला.

काका मूळचे पुण्याचे, म्हणून त्यांना तिथले दलित गोलंदाज पालवणकर बाळू यांची आठवण करून दिली. तिथेही गोलंदाजी चालायची. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. "ते वेगळं," काका म्हणाले.

गोऱ्या सरकारचा गुणवत्तेवर इतका जीव, की दुसऱ्याचा संघही तेच निवडायला बसलं. केपटाउनचा मिश्रवंशीय बेसिल डॉलिव्हिएरा इंग्लंडकडून खेळू लागला. १९६८ मध्ये त्याची दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी निवड होताच तिथले पंतप्रधान फोर्स्टर यांनी असा संघ नको म्हणून कळवलं. दौरा रद्द झाला.

आता कोट्याबद्दलही बोलू, नाहीतर काका रुसतील. २०१६ मध्ये क्रिकेट मंडळाने ठरवलं: मोसमाच्या सरासरीत किमान ६ गौरेतर, त्यांतले किमान २ काळे आफ्रिकी. निवड समितीच्या हाती कॅल्क्युलेटर आला. त्याआधीच, २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात फॉर्मातला काइल ॲबट बाहेर बसला आणि दुखापतीतून उठलेला व्हर्नन फिलँडर खेळला. वरून दबाव होता का, यावरची चर्चा अजून मिटलेली नाही. सामना गेलाच, वर फिलँडरसारख्या खणखणीत गोलंदाजाला 'कोट्यातला' हा शिक्का बसला. संघातले काळे आफ्रिकी रबाडा, एन्गिडी, बवुमा हे तिघेही खासगी शाळांतून आलेले. टीव्हीवर दिसणारे अकरा जण मोजायला दोन मिनिटं पुरतात; वस्तीतल्या शाळेत खेळपट्टी करायला पैसा लागतो, आणि तिचा फोटोही फारसा चांगला येत नाही.

तरी या शिक्क्यासकट माणसं खेळली. मखाया एन्टिनी १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पहिला काळा आफ्रिकी कसोटीपटू झाला. तो हॉटेलवर आपली बॅग बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि मैदानापर्यंत धावत जायचा. सगळे म्हणायचे, काय फिटनेस! २०२० मध्ये त्याने खरं कारण सांगितलं: तो बसमध्ये मागे बसला की बाकीचे पुढे जाऊन बसत. म्हणून बॅग बसमधून जायची आणि बॅगेचा मालक रस्त्याने. त्या पायांनी ३९० कसोटी बळी घेतले. "बघा," काका म्हणाले, "एकटेपणाने स्टॅमिना वाढतो."

जून २०२५. लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य २८२. हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या टेम्बा बवुमाने लंगडत ६६ केल्या, मार्करमने १३६. गोरा आणि काळा एकाच भागीदारीत धावत होते. गदा उचलली ती 'कोट्यातल्या' कर्णधाराने. नोव्हेंबरात तोच भारतात आला आणि २-० ने कसोटी मालिका जिंकून गेला. त्या संध्याकाळी काकांनी खेळपट्टीला दोष दिला.

क्रोम हेंड्रिक्सच्या नावापुढे आजही कसोटी सामने शून्य. त्याच्या वेळी कोटा नव्हता, काका. निव्वळ गुणवत्ता होती.