दहा की अकरा?

लग्न जमवताना होत नाही एवढा खल हल्ली साताऱ्यात लॅपटॉपवर होतो. विंडोज १० ठेवायचं की ११ टाकायचं? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दहाचा नियमित आधार काढून घेतला आणि अकराकडे बोट दाखवलं. अट काय, तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. पिढ्या मोजून नकार देण्याची आपली रीत अमेरिकेला कोणी शिकवली? लॅपटॉप धडधाकट, पण निघाला सातव्या पिढीचा, झालं! दुरुस्तीवाला मात्र निवांत. ‘‘त्यात काय, दादा, अट चुकवून बसवतो की!’’ अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, हे तो बिल घेतल्यावरही सांगत नाही.

सांगलीतल्या पत्रिका छापणाऱ्याला हा वादच पोरकट वाटतो. त्याचं पेजमेकर ७ हे २००१ सालचं, मराठी फाँट युनिकोडपूर्व वळणाचे. नव्या विंडोजवर ‘चि. सौ. कां.’चे चौकोन झाले तर वधूपिता मायक्रोसॉफ्टला नाही, यालाच धरणार. म्हणून तो जुन्या विंडोज एक्सपीला चिकटलेला. एक्सपीचा आधार २०१४ सालीच संपला. तरीही त्याचं बरोबरच आहे. फक्त त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवा, आणि बँकेचा पासवर्ड तिथे चुकूनही टाकू नका.