बाकी असू दे

"हिशेब पुरा झाला की माणूस परका होतो," हे वसईकडच्या कळंबच्या आमच्या फ्रीलान्सरचं धंद्याचं पहिलं आणि शेवटचं सूत्र. नोकरी सोडून घरून ग्राफिक डिझायनिंग करायला लागल्यापासून त्याने एकही क्लायंट गमावलेला नाही आणि एकाचंही बिल पुरतं वसूल केलेलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं तो वर अभिमानाने सांगतो. पैसे थकवलेला माणूस जाणार कुठे? दुसरा डिझायनर गाठायचा तर आधी याचं देणं चुकवायला हवं. त्यापेक्षा यालाच नवं काम सांगणं स्वस्त पडतं.

निर्मळ ओलांडून समुद्राकडे निघालं की रस्त्याकडेचे निम्मे बोर्ड त्याच्या हातचे. रिसॉर्टांची मेनूकार्डं, दहीहंडीचे बॅनर, हळदीच्या पत्रिका, बारशाची व्हॉट्सॲपवरची आमंत्रणं, आणि महापालिकेच्या एकाच वॉर्डातल्या तीन इच्छुकांचे दिवाळी शुभेच्छांचे फ्लेक्स. तिघांचे चेहरे त्याने सारख्याच मायेने गोरे केले. तिघेही त्याला "आपला माणूस" म्हणतात. आता आपल्या माणसाला कोणी पैसे देतं का?

पैसे मागायची त्याची पद्धत जवळ बसून पाहावी. मोबाइल काढतो आणि एका रिसॉर्टवाल्या शेठला लिहितो, "शेठ, मागच्या सीझनचं जरा बघा ना." वाचतो. "बघा ना" खोडतो, उद्धट वाटतं. "मागच्या सीझनचं" खोडतो, टोमणा वाटतो. "जरा" एकटंच कशाला, म्हणून तेही जातं. उरतं नुसतं "शेठ". तेवढंच कसं पाठवायचं, म्हणून पुढे "सुप्रभात" आणि खाली जास्वंदीचा फोटो. शेठचा अंगठा लगेच येतो. "बघितलंस? दोन मिनिटांत रिप्लाय. याला म्हणतात रिलेशन!"

बरं, कायदा माहीत नाही असंही नाही. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र त्याने फ्रेम करून भिंतीला लावलंय. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. हे सगळं तो मला घडाघडा ऐकवतो. मग शेठला का ऐकवत नाही? "अरे, त्यांच्या आईचं तेरावं परवा झालं." तेराव्याला हार घातलेला फोटोही यानेच साफसूफ करून दिला होता. फुकट. अशा वेळी बिल पाठवतात का?

कार्तिकात निर्मळची जत्रा भरली की राजेळी केळ्यांची सुकेळी घेऊन हा क्लायंटांच्या घरी निघतो. अंधेरीच्या एका एजन्सीने त्याचे जितके थकवलेत, त्याहून जास्त पैशांची सुकेळी तिथल्या मॅनेजरने आजवर खाल्ली असतील. २०१८च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या ठप्प झाल्या, त्या रात्री स्वतःच्या ओटीवरचं पाणी उपसता उपसता याने त्याच मॅनेजरला फोन लावला होता. "सर, तुमच्याकडे सगळं ठीक ना?"

घरात धंद्याची दुसरीही एक शाळा आहे. त्याची आई. वसईकडच्या कितीतरी बायकांसारखी वाडीतली भाजी आणि फुलं घेऊन ती पहाटेच्या लोकलने जायची. पार्ल्यातली तिची घरं ठरलेली. तिथल्या सुनांच्या सुनाही तिला नावाने ओळखतात. कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाला वांगं वर्ज्य, सगळं तोंडपाठ. भाजी तोलून झाली की वर अळूची दोन पानं जास्त. आणि टोपली डोक्यावर चढवण्याआधी पैसे कनवटीला. "उधारी राहिली की बाई दार उघडायला टाळते," एवढंच ती म्हणते.

मे महिन्यात त्याचा लॅपटॉप बसला आणि नवा घ्यायला पैसे निघेनात. आईने विचारलं, "त्या रिसॉर्टवाल्याकडे किती येणं आहे?" आकडा ऐकून तिने पदर खोचला आणि निघाली. शेठने "या मावशी, बसा" म्हणत चहा मागवला. तिने चहा घेतला, सुनेची चौकशी केली, नातवाला जवळ घेतलं, दुसराही चहा घेतला. मग म्हणाली, "पोराचं तेवढं देऊन टाका, म्हणजे मी उठते." शनिवारची गर्दी आत शिरत होती आणि मावशी काउंटरसमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. शेठने पै न् पै मोजून दिली.

तीन दिवस हा सुतक आल्यासारखा बसला. "तोडलास माझा क्लायंट! आता कशाला येतो तो परत?"

चौथ्या दिवशी शेठचा फोन आला. पावसाळी पॅकेजचा बॅनर हवा होता, घाईने. "आणि हे बघ, मागचं काही राहिलेलं नाही, तेव्हा आता मोकळेपणाने बोलू. ॲडव्हान्स किती पाठवू?"

हा प्रश्न त्याला धंद्यात कोणी विचारलाच नव्हता. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "आईला विचारून सांगतो."