खोक्यावरचे सात दिवस

स्मार्टवॉचच्या खोक्यावर ‘७ दिवस बॅटरी’ हे दुकानाच्या दारातूनही वाचता येतं. त्या सातच्या डोक्यावर बसलेली चांदणी मात्र खोकं हातात घेतल्याशिवाय दिसत नाही. तिचा खुलासा तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडतो: ब्लूटूथ कॉलिंग वापरल्यास दोन दिवस. म्हणजे ज्या कामासाठी घड्याळ घेतलं ते काम केलं की सातातले पाच गेले.

हे सात दिवस नेमके कोणाचे? ज्याला फारसे फोन येत नाहीत, जो हृदयाचे ठोके अधूनमधूनच मोजतो, पडदा सतत चालू ठेवत नाही आणि जीपीएस लावून कधी टेकडीवर जात नाही, त्याचे. असा माणूस स्मार्टवॉच घेईलच कशाला?

याला मी सरळ फसवणूक म्हणतो. ‘मार्केटिंग आहे, चालायचंच’ असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. अशा घड्याळाचे दोन-अडीच हजार रुपये ही आपल्याकडे बहुतेक घरांत विचार करून खर्चायची रक्कम आहे.

बॅटरी लहान असते याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. आजच्या साध्या फोनमध्येही ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. मनगटावरच्या बहुतेक घड्याळांत ती तीनशेच्या आसपास, मोठ्या डायलच्या घड्याळात फार तर पाचशे-सहाशे. एवढ्यात सगळं भागवायचं. पडदा सर्वांत खादाड, त्यात तो दिवसभर चालू ठेवला तर विचारूच नका. घड्याळ उलटं करून पाहा, मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. तो कातडीवर प्रकाश टाकतो, शेजारचा सेन्सर परत येणाऱ्या उजेडातला चढउतार टिपतो आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. रक्तातल्या ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, असे आणखी दिवे. हे दिवे जितक्या वेळा लागतील तितकी बॅटरी उतरते. जीपीएसला उपग्रहांचे क्षीण संदेश सतत ऐकत बसावं लागतं. सिमवालं घड्याळ असेल आणि फोन घरी ठेवून फिरायला गेलात, तर नेटवर्क पकडण्यातच त्याचा जीव निम्मा होतो. फोनशी ब्लूटूथने नुसतं जोडलेलं राहणं त्या मानाने स्वस्त पडतं.

यात लपवण्यासारखं काहीच नाही, तरीही लपवलं जातं.

न लपवताही सांगता येतं. ॲपलचं उदाहरण घेऊ. त्यांचं पहिलं घड्याळ एप्रिल २०१५ मध्ये बाजारात आलं, दावा १८ तासांचा. पण त्या अठरा तासांत काय काय धरलंय हे कंपनीने लिहून दिलं होतं. ९० वेळा वेळ बघणं, ९० नोटिफिकेशन, ४५ मिनिटं ॲपचा वापर आणि ब्लूटूथवर गाणी ऐकत ३० मिनिटं व्यायाम. पुढे व्यायामाची ३० मिनिटं ६० झाली. २०१९ मध्ये सीरिज ५ ला कायम जागा राहणारा पडदा आला. आकडा अठराच. २०२४ च्या सीरिज १० पर्यंत नेहमीच्या मॉडेलचा दावा तोच राहिला. २०२५ च्या सीरिज ११ ला तो २४ तासांवर गेला, आणि त्या चोवीसात सहा तास झोपेची नोंद धरली आहे हेही सांगितलेलं आहे.

अठरा तास कमीच. सकाळी सहाला घातलेलं घड्याळ रात्री बाराला मान टाकणार असेल, तर झोप मोजायची कधी? एवढी किंमत घेऊन दहा वर्षं आकडा जिथल्या तिथे ठेवणं हे काही भूषण नव्हे. पण हिशेब उघडा आहे. माझा दिवस त्या दिवसाशेजारी ठेवून मी ठरवू शकतो की मला १८ मिळतील की १४. आपल्याकडच्या दोन हजारांच्या घड्याळावर मात्र ‘नेहमीच्या वापरानुसार’ एवढ्यावर बोळवण होते. किती फोन, किती वेळ पडदा, किती वेळा ठोके, काही नाही.

गार्मिनच्या २०२२ च्या इन्स्टिंक्ट २ सोलर या घड्याळाचा दावा तर ‘अमर्याद’ बॅटरीचा होता. खालची अट: रोज तीन तास, ५०,००० लक्स प्रकाशात, बाहेर. चैत्र-वैशाखाच्या दुपारी आपल्याकडे उन्हाचा उजेड याच्या दुप्पट असतो, पण त्या उन्हात रोज तीन तास मनगट उघडं ठेवणारा माणूस शेतात भेटेल, ऑफिसात नाही. आषाढ-श्रावणात तर कोकणातल्या शेतातही ती अट पुरी व्हायची नाही. तरीही मी या कंपनीला दोष देणार नाही. अट आकड्यात सांगितली आहे आणि आकडा तपासता येतो.

कोणी म्हणेल, एचएमटीच्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागायचीच की. लागायची. त्याला अर्धं मिनिट लागे आणि घड्याळ घरात कुठे टांगून ठेवावं लागत नसे. शिवाय एचएमटीने कधी सात दिवस चालतं असं सांगितलं नव्हतं.

मग जास्त चालणारं स्मार्टवॉच होऊच शकत नाही का? होतं. २०१२ मध्ये पेबल या घड्याळासाठी किकस्टार्टरवर लोकांनी एक कोटी डॉलरहून जास्त पैसे उभे केले. काळा-पांढरा, कागदासारखा, उन्हात स्वच्छ दिसणारा पडदा आणि आठवडाभर पुरणारी बॅटरी. पुढे अमेझफिटच्या बिपने अवघ्या १९० मिलिअँपिअर-तासांत महिनाभराचा दावा केला, कारण पडदा बाहेरच्या उजेडावर वाचता येणारा होता. पेबल डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडली. तिच्याच संस्थापकाने २०२५ मध्ये तशीच घड्याळं पुन्हा आणली, आता दावा ३० दिवसांचा. म्हणजे तंत्र होतं आणि आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मात्र ॲमोलेडचा रंगीत पडदा डोळ्यांत भरतो आणि फिका पडदा शेल्फवरच राहतो. हा दोष थोडा आपलाही. आठवडा हवा असेल तर झगमगाट सोडावा लागेल. दोन्ही देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला चांदणीचा खुलासा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

गाडीच्या मायलेजबद्दल आपण सगळे असेच कुरकुरतो. कंपनी बावीस सांगते, हातात सोळा येतं. पण त्या बावीसमागे निदान एक चाचणी असते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ सालची. तिथे गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या क्रमाने पळवतात आणि जळालेलं इंधन मोजतात. प्रत्येक गाडीला तीच परीक्षा. आकडा रस्त्यावरच्यापेक्षा जास्त येतो, पण दोन गाड्यांची तुलना करता येते. स्मार्टवॉचला अशी परीक्षाच नाही. भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत स्मार्टवॉच आहे, पण ती सुरक्षिततेपुरती, म्हणजे घड्याळ हातावर पेट घेणार नाही यासाठी. ते चालतं किती, हे ज्याचं त्याने स्वतःच ठरवायचं आणि स्वतःच छापायचं. एकाचे सात दिवस आणि दुसऱ्याचे दहा दिवस यांची तुलना करणं म्हणून निरर्थक आहे.

युरोपात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटवर लेबल सक्तीचं झालं. एका चार्जमध्ये किती तास-मिनिटं, बॅटरी किती वेळा चार्ज करून चालेल, दुरुस्ती किती सोपी, सगळं एका चौकटीत. घड्याळं त्यातूनही सुटली. आपल्याकडे फ्रिज-एसीवर तारे आले आणि लोक ते बघून खरेदी करायला शिकले. घड्याळालाही एक चौकट लावणं अवघड नाही. सगळे सेन्सर चालू, पडदा चालू, रोज अर्धा तास फोनवर बोलणं, अर्धा तास जीपीएस. तास छापा. दिवस नकोत, तास.

याची इतकी निकड का, ते सांगतो. ही घड्याळं आता हौसेपुरती राहिलेली नाहीत. २०१८ मध्ये ॲपलच्या सीरिज ४ ने माणूस पडल्याचं ओळखायला सुरुवात केली, मग इतर कंपन्यांनीही ती सोय आणली. पुण्या-मुंबईतली आणि परदेशातली मुलं गावाकडच्या एकट्या आईवडिलांच्या मनगटावर घड्याळ बांधतात आणि निर्धास्त होतात. आणि सगळीकडे सल्ला एकच: आंघोळीच्या वेळी चार्जिंगला लावा. तिशीतल्या माणसाला तो ठीक आहे. पण सत्तरीतला माणूस पाय घसरून पडायची भीती असते ती न्हाणीघरात. नेमकं तेव्हा घड्याळ चार्जरवर आणि माणूस ओल्या फरशीवर. आईवडिलांसाठी घड्याळ घेतलं असेल तर ते चार्जला लावायची वेळ बदला. दुपारच्या चहाला किंवा रात्रीच्या मालिकेला, ते बसलेले असतील तेव्हा. आंघोळीला घड्याळ हातातच राहू द्या. त्याआधी ते पाण्यात चालतं ना, हे तेवढं बघून घ्या.

त्यात त्या चार्जरची तऱ्हा. बहुतेक स्वस्त घड्याळांना दोन पिनांचा चुंबकी चार्जर येतो. घड्याळाच्या पाठीवर दोन पितळी टिकल्या, चार्जरवर दोन बारीक खिळे. चुंबक घड्याळाला खेचून घेतो, टक् आवाज येतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण खिळा टिकलीवरून केसभर सरकला तरी चार्जिंग होत नाही. चष्मा काढून ठेवलेल्या आजींना पडद्यावरचं ते इवलंसं विजेचं चिन्ह दिसत नाही. सकाळी घड्याळ जसंच्या तसं मेलेलं. घामाने टिकल्यांवर हिरवट थर धरतो, मग नीट ठेवूनही काही होत नाही, ओलसर कापडाने पुसून कोरडं करावं लागतं. आणि चार्जर हरवला तर शेजाऱ्याचा चालेलच असं नाही, कारण खिळ्यांमधलं अंतर सगळ्यांचं सारखं नसतं. युरोपने फोन, टॅबलेट, कॅमेरे सगळ्यांना एकाच सी-टाइप पिनेखाली आणलं, घड्याळं तिथेही मोकळी राहिली.

खोक्यावरचा आकडा पहिल्या दिवसाचा असतो, हेही कोणी सांगत नाही. लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक झिजते. ॲपल म्हणतं, १००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहील. रोज चार्ज करणाऱ्याचे हजार चार्ज तीन वर्षांच्या आत भरतात. हा निदान आकडा तरी आहे. स्वस्त घड्याळांच्या खोक्यांवर तो मला कधी दिसलेला नाही. वॉरंटी बहुधा वर्षाची, बॅटरी आत चिकटवलेली, कोपऱ्यावरचा मोबाइलवाला उघडायला तयार नाही आणि उघडलं तरी खर्च नव्या घड्याळाच्या निम्मा. म्हणून ते खणात जातं. आपल्या किती घरांच्या खणांत अशी काळ्या पडद्याची घड्याळं पडलीत, एकदा बघा.

तर घेताना अपेक्षा किती ठेवावी? माझा हिशेब रोखठोक आहे. ‘कॉलिंग’ लिहिलेल्या रंगीत पडद्याच्या घड्याळाला खोक्यावरच्या आकड्याचे निम्मेच दिवस धरायचे. पडदा कायम चालू ठेवणार असाल तर तिसरा हिस्सा. आणि पहिल्या दोन दिवसांवरून निकाल देऊ नका. तेव्हा अपडेट उतरत असतात, तुम्ही डायल बदलून बघत असता, घरातला प्रत्येकजण हातात घालून ठोके मोजत असतो. नंतरच्या एखाद्या नेहमीच्या दिवशी सकाळी शंभर टक्के करा, तुम्हाला लागणारं सगळं चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी टक्के वाचा. चाळीस गेले असतील तर तुमचं घड्याळ अडीच दिवसांचं. हा आकडा लिहून ठेवा, पडद्याचा फोटो काढा. आणि हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत करा. ऑनलाइन मागवलं असेल तर ती मुदत फार लांब नसते.

आकडा आणि फोटो जपून ठेवायचे, कारण कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चांदणीचा बंदोबस्तही आहे. खालचा खुलासा वरच्या दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच टाइपात हवा, ठळक जागी हवा, आणि त्याने वरच्या दाव्याला छेद देता कामा नये. वर सात आणि खाली दोन, हा छेद नाही तर दुसरं काय?

ग्राहकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आकडा, फोटो आणि बिल जवळ घ्या आणि फोन करा.