सरकारी विद्यापीठ कसे निवडावे : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका नुकतीच बारावी झालेल्यांसाठी आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेल्या पालकांसाठी आहे. वाचण्यासाठी पूर्वज्ञानाची गरज नाही. पूर्वज्ञान असलेले लोक घरात आधीच आहेत : एक काका, एक शेजारी आणि मुलगा पुण्याला असलेली एक मावशी. वाचन संपेपर्यंत त्यांना चहात गुंतवून ठेवावे.

पायरी १ : कागद जमवा
गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढाव्यात. खिडकीवर सहावी मागतील.

पायरी २ : तीन माणसे शोधा
विद्यापीठाचा प्रकार ओळखायला तीन प्रश्न पुरतात. तुम्हाला शिकवणार कोण? पेपर काढणार कोण? तपासणार कोण? ही तीन माणसे एकमेकांपासून किती लांब बसतात, यावर प्रकार ठरतो. माहितीपत्रकातली हिरवळ आणि कारंजे जमेस धरू नये. कारंजे दीक्षान्त समारंभाच्या दिवशीच सुरू असते.

पायरी ३ : राज्य विद्यापीठ
इथे पहिला माणूस तुमच्या तालुक्यात असतो, दुसरा कुठे असतो ते गोपनीय असते आणि तिसऱ्याच्या अस्तित्वाचा पुरावा निकालाच्या दिवशी मिळतो. ही रचना जुनी आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा ते शिकवत नव्हतेच. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. पुढे विद्यापीठाने स्वतःचे विभाग काढले, पण बहुतेक पदवीधरांचा त्याच्याशी संबंध अजूनही हॉलतिकीट, निकाल आणि पदवी एवढाच येतो. पहिल्या वर्षाची परीक्षा बऱ्याच ठिकाणी कॉलेजच घेते. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळेच हुशार असतात.

यातले कोणते विद्यापीठ निवडावे, याचा विचार करण्यात वेळ घालवू नये. तो सरकारने केलेला आहे. बहुतेक विद्यापीठांना जिल्हे नेमून दिले आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा शिवाजी विद्यापीठाकडे. गडचिरोली आणि चंद्रपूर गोंडवानाकडे. सोलापूर विद्यापीठाकडे एकटा सोलापूर. सावंतवाडीच्या मुलीला गोवा विद्यापीठ तासा-दीड तासावर आहे आणि घाट चढला की कोल्हापूर. पण गावातल्या कॉलेजात नाव घातले, तर तिची पदवी सुमारे ५०० किलोमीटरवरच्या मुंबईहून येते. तिने पदवीला प्रवासाची आवड आहे असे समजावे.

तुमच्या आणि तिसऱ्या माणसाच्या मधले अंतर वाढले की काय होते, हे २०१७ मध्ये मुंबईने पाहिले. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचे ठरले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. म्हणून नवशिक्याने राज्य विद्यापीठात जाताना पुनर्मूल्यांकन, छायांकित प्रत आणि एटीकेटी (नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणे) हे तीन शब्द आधीच शिकून जावे. अभ्यासक्रमात ते कुठेही नाहीत, पण परीक्षेला हमखास असतात.

पायरी ४ : एकाच छताखालचा प्रकार
इथे शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच माणूस असू शकतो. स्वायत्त कॉलेजात पदवी विद्यापीठाची, पण पेपर घरचा; मुंबईचे झेवियर्स २०१० पासून असे चालते. पुण्याचे सीओईपी हे अभियांत्रिकी कॉलेज २०२२ मध्ये स्वतःच राज्य विद्यापीठ झाले. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन वेगळी झाली. जुने विद्यार्थी तिला अजून जुन्या नावाने यूडीसीटीच म्हणतात; त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये, तासभर जातो.
फायदा : निकाल वेळेवर लागतो, अभ्यासक्रम बदलायला दहा समित्या लागत नाहीत.
तोटा : ज्या सरांच्या तासाला तुम्ही झोपलात, पेपर त्यांच्याच हातात पडतो.

पायरी ५ : केंद्रीय विद्यापीठ
पैसा दिल्लीचा, फी कमी, वसतिगृहात देशभरची मुले. महाराष्ट्रात असे एकच आहे, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. बाकीच्यांसाठी हैदराबाद किंवा दिल्लीचे तिकीट काढावे लागते आणि त्याआधी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. २०२२ पासून बारावीचे गुण पेढे वाटण्यापुरते आणि प्रवेश या परीक्षेवर, अशी वाटणी झाली आहे. केंद्रीय म्हणजे एकच परिसर, असे मात्र धरून चालू नये. दिल्ली विद्यापीठाला स्वतःची कॉलेजे आहेत, म्हणजे तिथेही पायरी ३ वाट पाहत असते, फक्त हिंदीतून.

पायरी ६ : एकाच विषयाचे विद्यापीठ
डॉक्टर व्हायचे असेल तर निवडीचा त्रास नाही. राज्यभरची बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. शेतीसाठी मात्र चार दारे आहेत : राहुरी, अकोला, परभणी, दापोली. इथे वर्गाइतकेच शिवारातही शिकवतात आणि प्रयोग फसला तर तो उगवतच नाही. दापोलीने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा दिला. इतर विद्यापीठांचे संशोधन इतक्या सहज खाता येत नाही. शेवटच्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, खेड्यात राहावे लागते. तेव्हा तुम्ही कृषिदूत किंवा कृषिकन्या होता, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करून दाखवता आणि तीस वर्षे शेती केलेले आजोबा शेवटी तुमच्याच चुका दुरुस्त करतात. या एकाच प्रकारात चौथा माणूस असतो, आणि त्याचे गुण कुठल्याच गुणपत्रिकेत येत नाहीत.

पायरी ७ : मुक्त विद्यापीठ
नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. शिकवणारे मुख्यतः पुस्तक आणि वाचणारे तुम्ही, म्हणजे पहिला माणूस घरातच सापडतो. नोकरी, मुले, शेती सांभाळून शिकणाऱ्यांना हाच मार्ग खरा. ज्यांना गजर बंद करून पुन्हा झोपायची सवय आहे त्यांनी पायरी ३ कडे परत जावे.

शंकासमाधान
प्रश्न : अभिमत विद्यापीठ सरकारी असते का?
उत्तर : काही असतात, पुष्कळ खासगी असतात. फीचा तक्ता पाहून घाम फुटला तर दुसरा प्रकार.
प्रश्न : आयआयटी कोणत्या प्रकारचे विद्यापीठ?
उत्तर : कायद्याने ती विद्यापीठ नाही, राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. ही माहिती काकांना देऊ नये.
प्रश्न : मध्येच विद्यापीठ बदलता येते का?
उत्तर : येते. मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रता प्रमाणपत्र मिळेपर्यंत वर्ष मात्र बदललेले असते.

पायरी ८ : प्रत्यक्ष पाहणी
आता प्रकार विसरा आणि एखाद्या साध्या मंगळवारी कॉलेजात किंवा विभागात जा. आपल्याला हव्या त्या विषयाचे कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कार्यालयाला विचारू नका. तासिकेवरचे सर बहुधा मन लावून शिकवतात, पण पगार तासांचा असल्याने दुपारी ते दुसऱ्या कॉलेजच्या बसमध्ये असतात आणि पुढच्या वर्षी इथे असतील का, हे त्यांनाही माहीत नसते. प्रयोगशाळेचे कुलूप उघडे आहे का, ग्रंथालयात कुणी वाचत बसले आहे का, मागच्या सत्राचा निकाल कधी लागला, तेही पाहा. पेपर काढणारा आणि तपासणारा शंभर कोसांवर असले तरी चालतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललेच आहेत. पहिल्या माणसाची खुर्ची भरलेली असेल, तर विद्यापीठ राज्याचे की केंद्राचे, याचा वाद लग्नाच्या पंगतीसाठी राखून ठेवावा आणि प्रवेश घ्यावा. अर्ज शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी भरावा. शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद असतो, आणि याबाबतीत सर्व प्रकारची विद्यापीठे समान आहेत.